चर्चच्या आवारातला अशोक



झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आवार झाडायला आलेल्या मुलांनी मला हाक मारून बाहेर नेले. फाटकापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत उंच, सरळसोट झाडांची जी रांग आहे, तिच्यातील मागच्या बाजूच्या तीन झाडांची साल कोणीतरी कोयत्याने सोलून नेली होती. दोन झाडांवरून हातभर लांबीचे पट्टे निघाले होते. तिसऱ्याची साल तर चहूबाजूंनी काढली होती, म्हणजे ते झाड आता जगायचे नाही. मला राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर सूचना वाचताना मी त्या अज्ञात इसमाला उद्देशून चार शब्द बोललो, आणि ते गरजेपेक्षा कडक होते.

मंगळवारी तिन्हीसांजेला एक बाई आली. "फादर, ती साल मी काढली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. मी तिला बसायला सांगितले, पाणी दिले, मग हळूहळू सगळे बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी बंद झाली होती. गेल्या पावसाळ्यापासून पुन्हा अंगावरून जाऊ लागले. लाजेमुळे ती घरात कोणाशी बोलली नाही. माहेरच्या एका वडीलधाऱ्या बाईने सांगितले, अशोकाची साल दुधात उकळून घे, थांबेल. चार महिने ती हा काढा घेत होती. आधी शाळेच्या कुंपणाजवळच्या झाडांची साल काढली. पुढे तिथे कोणीतरी हटकले, म्हणून चर्चची. "ही अशोकाची झाडं, असं तुम्हीच पोरांना सांगितलं होतं ना फादर?"

सांगितले होते. जुलै महिन्यात वनमहोत्सवाच्या दिवशी शाळेच्या मुलांना आवारातून फिरवताना मीच त्या रांगेकडे बोट दाखवून "हा अशोक" म्हणालो होतो. मला फरक ठाऊक नव्हता असेही नाही. पण सगळे म्हणतात, रोपे विकणारे म्हणतात, म्हणून तोंडात बसलेले सोपे नाव मी वापरले. ते झाड अशोक नव्हे. त्या बाईने चार महिने भलत्याच झाडाची साल उकळून प्यायली, आणि तिला त्या झाडाचे नाव तिच्या फादरांनी दिले होते.

तिचे पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांचे लक्ष तिकडेच राहील. तिच्या संमतीने लिहीत आहे. गाव आणि वाडा सांगणार नाही, कोणी तर्कही करू नये. दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला दुसऱ्याच दिवशी बेळगावला नेले. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या आतला बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टर म्हणाले, रोग बाहेर पसरलेला नाही, पण आठ-नऊ महिने आधी आला असतात तर आम्हालाही सोपे गेले असते. त्यांतले चार महिने त्या काढ्यात गेले.

आता झाडाकडे येऊ.

आपल्याकडे अशोक या एका नावाने दोन झाडे चालतात. त्यांचे एकमेकांशी कसलेही नाते नाही. खरा अशोक, ज्याला सीता अशोक म्हणतात, तो चिंचेच्या गोतातला, शेंग धरणारा. दुसरा, ज्याची रांग आपल्या आवारात आहे, तो सीताफळाच्या कुळातला. गंमत अशी की नावात सीता आहे ती सीता अशोकाच्या, आणि सीताफळाशी सोयरीक आहे ती खोट्याची. तेवढ्यावरून उलटा समज करून घेऊ नका. मराठीत या दुसऱ्याला खोटा अशोक म्हणतातच. बडोद्याकडचे आपले लोक त्याला तिथल्या भाषेत आसोपालव म्हणतात आणि त्याच्या पानांची तोरणे दारावर बांधतात. खोटा म्हटला तरी तो वाईट नव्हे. तोही दक्षिणेकडचाच, सदाहरित, सावली देणारा, पाखरांना आणि वटवाघळांना फळे देणारा. पूर्वी जहाजांच्या डोलकाठ्यांना त्याचे सरळ खोड वापरत. आवारातली झाडे तोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. एका सभासदाने तसे सुचवले, त्यांना मी तेव्हाच नाही म्हटले. झाडाने आपले नाव स्वतः ठेवलेले नाही.

खरा अशोक आपल्या सह्याद्रीचा आहे. घाटातल्या ओढ्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत तो आपोआप वाढतो. खानापूर तालुक्यातल्या आणि गोव्यातल्या जुन्या माणसांनी तो पाहिलेला असेल, नाव माहीत नसेल इतकेच. झाड लहानसेच, साधारण वीस ते तीस फूट. फांद्या खालपासून फुटतात आणि पसरतात, त्यामुळे घेर दाट आणि गोलसर होतो. आपल्या रांगेतल्या झाडासारखा तो मनोऱ्यागत वर चढत नाही. दुरून पाहिल्यावर एवढा फरक दिसायला हरकत नाही. पण आकारावर सगळे सोडू नका. खोट्या अशोकाचीही एक पसरट जात असते, आणि दाटीत वाढलेला खरा अशोक उंच, किरकोळ होतो.

म्हणून पान पाहावे. माझ्या मते पानाची ही एकच खूण नीट शिकली तर बाकीच्या खुणा नसल्या तरी चालतील, कारण फूल वर्षातून दोन-तीन महिने, शेंग तेवढीच, पण हे झाड सदाहरित असल्यामुळे पान बाराही महिने हाताशी असते.

खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते. म्हणजे आपण ज्याला एक पान समजतो ती खरे तर एका मोठ्या पानाची एक पाकळी, पर्णिका असते. एका दांड्यावर समोरासमोर अशा पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात. कधी तीनच मिळतात. टोकाला एकटी पर्णिका नसते, जोडीनेच शेवट होतो. चिंचेचे पान डोळ्यासमोर आणा: तीच मांडणी, पण प्रत्येक बारीक पानाच्या जागी वीतभर लांब, दोन बोटे किंवा थोडे अधिक रुंद, जाडसर, गुळगुळीत पान. सगळे मिळून दांडा फूटभराचा भरतो. खोट्या अशोकाचे पान साधे असते. डहाळीवर एक इकडे, एक तिकडे अशी अरुंद, लांब, चकचकीत पाने येतात आणि त्यांच्या कडा झालरीसारख्या नागमोडी असतात.

आता कोणी विचारील, दांड्यावरच्या पर्णिका आणि डहाळीवरची पाने यांतला फरक शेतात उभे राहून कसा कळावा? यावर जुनी आणि बिनचूक युक्ती आहे. पान जिथे डहाळीला चिकटते तिथे, त्या बेचक्यात, एक डोळा असतो, नव्या कोंबाचा. शेवग्याचे किंवा गुलाबाचे पान घेऊन पाहा. डोळा मोठ्या दांड्याच्या बुडाशी सापडेल, बारक्या पानाच्या बुडाशी नाही. तसेच अशोकाचे. पर्णिकेच्या बुडाशी डोळा शोधा, मिळणार नाही. दांड्याच्या बुडाशी मिळेल. खोट्या अशोकाच्या मात्र प्रत्येक पानाच्या बुडाशी डोळा असतो. ज्यांनी कधी गुलाबावर डोळा बांधला आहे त्यांना हे समजायला अर्धा मिनिट पुरे.

कोवळ्या पालवीविषयी सावध करतो, कारण इथे चांगले जाणते लोक फसतात. खऱ्या अशोकाची नवी पाने तांबूस, गुलाबी छटेची, आणि इतकी मऊ की भिजलेल्या फडक्यासारखी झुपक्याने खाली लोंबतात. हळूहळू हिरवी होतात आणि मग ताठ होतात. दृश्य मोठे सुंदर असते. पण खोट्या अशोकाची पालवीही तांबूसच असते. म्हणून "तांबडी पालवी, म्हणजे अशोक" हे जे घरोघरी सांगितले जाते ते पुरेसे नाही. पालवी तांबडी दिसली तरी पुन्हा डोळा कुठे आहे ते पाहा.

फूल दिसले तर मात्र शंका राहत नाही. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळा तापेपर्यंत खरा अशोक फुलतो. फुलांचे दाट गुच्छ येतात, नुसते टोकाला नव्हे तर जुन्या, जाड फांद्यांवरही, जिथे पानाचा पत्ता नसतो तिथे. फूल आधी पिवळे-नारिंगी, मग लाल होत जाते, त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात. जवळ घेऊन पाहिले तर पाकळ्या नाहीतच. ज्या चार पाकळ्या वाटतात ती निदले आहेत, फुलाच्या बाहेरच्या आवरणाची. त्यांतून बहुधा सात लांब केसर बाहेर आलेले असतात. वास गोड, आणि संध्याकाळनंतर जास्त. घरापुढच्या कुंडीत इक्झोरा लावतात ना, त्याच्या गुच्छासारखा हा गुच्छ लांबून दिसतो. पण इक्झोरा हे झुडूप आहे आणि त्याचे पान साधे असते. खोट्या अशोकाला फूल येते हेच पुष्कळांना माहीत नसते. बारीक सहा पाकळ्यांची, फिकट हिरवी चांदणी असते ती, पानांत मिसळून जाते.

फळाबद्दल थोडक्यात. खऱ्याला शेंग: चपटी, चामड्यासारखी, वीतभर, कोवळी असताना जांभळट लाल, आत चार ते आठ मोठ्या बिया. खोट्याला अंडाकृती फळांचे घोस, पिकल्यावर काळपट जांभळे, प्रत्येकात एकच बी. आवारात पावसाळ्यात पायाखाली चिरडतात ती हीच. शेंग असेल तर खरा, घोस असेल तर खोटा. यात चूक होणे शक्य नाही.

राहिली साल, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. खऱ्या अशोकाची साल करड्या-काळपट रंगाची, बारीक पुटकुळ्यांनी खरखरीत झालेली असते. ताजी कापली तर आतली बाजू तांबूस दिसते. एवढे लिहूनही मी सांगेन की सालीवरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. उभ्या झाडावर पान-फूल पाहून खात्री झाल्यावर साल कशी दिसते ते पाहणे वेगळे, आणि पिशवीत भरून आलेल्या वाळलेल्या तुकड्यांवरून झाड ओळखणे वेगळे. "चव तुरट लागली, म्हणजे असलच," असे सांगणारे भेटतात. बाभळीची सालही तुरट लागते.

हे माझ्या पदरचे बोलणे नव्हे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. मुख्यतः दक्षिणेकडच्या २५ दुकानांतून अशोकाची साल म्हणून विकला जाणारा माल आणला आणि जंगलातल्या खात्रीच्या झाडांच्या नमुन्यांशी आनुवंशिक द्रव्याच्या पातळीवर ताडून पाहिला. ८० टक्क्यांहून अधिक माल खोटा निघाला. तोही एकाच झाडाचा नव्हे. निदान सात वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पतींच्या साली त्यात होत्या. दुकानदारांना हे ठाऊक असते असे मी म्हणत नाही. तेही कोणीतरी दिलेल्या नावावर विसंबतात, जसा मी विसंबलो. पण पाचांतली चार पुडकी भलत्याची, आणि ते भलते नेमके काय हे घेणाऱ्याला कळायची सोय नाही, अशा बाजारातून आणलेली साल आईला किंवा बायकोला उकळून द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत स्पष्ट आहे. देऊ नये.

यावर एका वयस्क गृहस्थांनी मला विचारले, "फादर, मग आमच्या आज्या करीत होत्या ते सगळं खोटंच का?" मी तसे म्हणत नाही. अशोकाची साल आयुर्वेदात शेकडो वर्षे बायकांच्या विकारांवर वापरली जाते, अशोकारिष्ट तिचेच होते, आणि जाणता वैद्य रोग्याला तपासून ते देतो. पण आजीचे आणि आपले एक अंतर आहे. आजीला ओढ्याकाठचे झाड ठाऊक होते. ती त्याच्याकडे चालत जात होती, त्याचे फूल तिने पाहिलेले होते. आपल्याकडे आजीचे औषध उरले आणि आजीचे झाड गेले. नाव तेवढे राहिले, ते आपण रस्त्याकडेच्या दुसऱ्या झाडाला चिकटवले. रानातला खरा अशोक सालीपायी सोलला गेला. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत १९९८ सालच्या पाहणीपासून तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. कोणी व्यापारी वाड्यावर येऊन "रानातली साल आणून द्या, किलोवर पैसे देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. झाड मरते, आणि वनखात्याने पकडले तर खटला तुमच्यावर होतो, त्याच्यावर नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा झाड खरे, साल खरी, काढाही बरोबर झाला. तरीही त्या बाईचे जे चार महिने गेले ते गेलेच असते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेले, एकदा गेले, थेंबभर गेले, तरी दवाखान्यात दाखवायला हवे. बहुतेक बायकांत कारण साधेच निघते. आतला थर पातळ झालेला, एखादी निरुपद्रवी गाठ. पण ढोबळमानाने दहांत एकीला कर्करोग असतो, आणि ती एक कोण हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. हा रोग लवकर रक्त दाखवतो, हीच त्यातली चांगली बाजू. ज्याने रक्त थांबेल असे औषध तपासणीच्या आधी घेतले तर ती चांगली बाजूही आपण झाकून टाकतो. पाळी चालू असलेल्यांनीही लक्ष द्यावे: आठ दिवसांवर जाणे, गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधांनंतर रक्त जाणे, जिना चढताना धाप लागणे. शेवटचे लक्षण रक्त कमी झाल्याचे आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या वाड्यांतल्या बायका त्याहून निराळ्या असतील असे मला वाटत नाही.

फादरांनी असल्या विषयावर लिहावे का, असे काहींच्या मनात येईल. मलाही वाटले होते. पण ज्या गोष्टीची लाज वाटून एक बाई नऊ महिने घरात गप्प राहिली, तिच्याबद्दल मीही गप्प बसलो तर पुढच्या बाईला ती लाज मीच शिकवल्यासारखे होईल. पुरुषांनी हा परिच्छेद वाचून पान उलटू नये. बेळगावला न्यायला गाडीभाड्याचे पैसे तुमच्याच खिशात असतात.

झाडांविषयी फादरांनी बोलावे का, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे फादर सांतापाव येशूसंघीय होते. ते पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी भारतातल्या नेहमीच्या झाडांवर लिहिलेले पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले. सेमिनरीच्या ग्रंथालयात त्याची प्रत होती. आपल्या कर्नाटकातल्या हसन जिल्ह्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९७६ साली फादर सल्डान्हांनी एका परदेशी सहकाऱ्याबरोबर सिद्ध केला, तेही येशूसंघीयच. या मंडळींची शिस्त अशी की डहाळी, पान, फूल आणि जमल्यास फळ एकत्र दाबून, वाळवून ठेवायचे, आणि तेवढे हाती असल्याशिवाय नावाची घाई करायची नाही. ही शिस्त आपल्या सगळ्यांच्या घरी असायला हवी. ती मला शिकवली होती. वनमहोत्सवाच्या दिवशी मीच ती पाळली नाही.

आता शेतीचा भाग. ज्यांच्याकडे पोफळीची बाग, विहिरीचा काठ किंवा ओढ्याला लागून परडे आहे त्यांनी दोन-चार खरे अशोक लावावेत असे मला मनापासून वाटते. सालीसाठी नव्हे. चांगली साल द्यायला त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि ती काढण्याची रीत माहीत नसली तर झाड हातचे जाते. खोडाभोवती कडे काढले की वरखाली रस फिरायचा थांबतो, आपल्या आवारातल्या तिसऱ्या झाडाचे तेच झाले. लावायचे ते झाड गावात राहावे म्हणून, मुलांनी फूल ओळखावे म्हणून. सावलीत वाढणारी, सुंदर फुलणारी, गुरांचा फारसा उपद्रव न होणारी झाडे आपल्याकडे किती आहेत?

रोप विकत घेताना "अशोक द्या" म्हणू नका, खोटाच मिळेल. "सीता अशोक" म्हणा, शास्त्रीय नाव साराका असोका. जुन्या पुस्तकांत साराका इंडिका असे सापडते. पॉलिअल्थिया किंवा मोनून अशी पाटी दिसली तर तो खोटा. पाटी नसेल तर रोपाचे पान पाहा. फूटभर उंचीच्या रोपालाही जोडीजोडीची पर्णिका आलेली असते. बियांपासून करायचे तर बी ताजे हवे, कारण ठेवले की ते लवकर मरते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात शेंगा तडकतात, तेव्हाच बी गोळा करून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत उथळ पेरावे. पिशव्या सावलीत ठेवाव्यात. तीन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसतो. वाढ सावकाश असते, म्हणून पहिल्याच वर्षी शेतात घालण्याची घाई नको. दुसऱ्या पावसात गुडघ्याएवढे झाल्यावर लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि थोडी सावली लागते. उघड्या माळावर, भर उन्हात लावाल तर पाने करपतील आणि मग दोष बियाण्याला द्याल.

घाटाखालच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून या जूनमध्ये ताज्या बिया यायच्या आहेत. पन्नासेक पिशव्या आम्ही दवाखान्यामागे भरून ठेवतो. सोललेल्या तिसऱ्या झाडाच्या जागी त्यातलेच एक रोप लावायचे आहे, आणि त्या बाईनेच ते लावावे अशी माझी इच्छा आहे. ती हो म्हणाली आहे, पण तिची तब्येत पाहून ठरवू.

आपल्या परड्यातला किंवा रानातला अशोक खरा की खोटा याची शंका असेल त्यांनी शनिवारी दुपारनंतर माझ्याकडे यावे. एकटे पान खुडून आणू नका, टोकाची हातभर डहाळी आणा, म्हणजे डोळा कुठे आहे ते दोघांनाही पाहता येईल. फूल किंवा शेंग असली तर फारच उत्तम. सालीचा तुकडा आणू नका. तो पाहून मला काही सांगता येणार नाही.